न पाहता कातरलेली सुपारी

त्या नटीचे मी आजवर जितके सिनेमे पाहिले, त्यांतल्या एकाचाही शेवट मी पाहिलेला नाही.

यात दोष तिचा नाही, एसटीचा आहे. आम्ही राहतो हरिहरेश्वरच्या अलीकडे, पोफळीच्या वाडीत. थिएटर माणगावला. सुपारीचा व्यापारी माणगावला, खताचं दुकान माणगावला, दाढ उपटणारा डॉक्टरही माणगावलाच. त्यामुळे माझं तिकडे जाणं व्हायचं आणि गेलो की दुपारचा खेळ गाठायचोच. पण आमच्याकडची शेवटची गाडी खेळ सुटायच्या थोडी आधी निघते. म्हणजे सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं असताना मी उठायचो. सरळ पाठ फिरवून निघावं तर तिचा अपमान केल्यासारखं वाटायचं. म्हणून देवळाच्या गाभाऱ्यातून निघतात तसा उलट्या पावलांनी, तिच्याकडे बघत बघत, अंधारात लोकांचे पाय तुडवत मी दारापर्यंत जायचो. दारावरचा माणूस माझ्यासाठी पडदा धरूनच उभा असायचा.

"काय भाऊ, आज पन ऱ्हायला शेवट?"

शेवट मग मी गाडीत बसून स्वतः करायचो. म्हसळा येईपर्यंत खलनायक पकडलेला असायचा आणि आमचं गाव येईपर्यंत ती सुखात असायची. माझ्या शेवटांत ती कधीही मेलेली नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

आता कुणी म्हणेल, टीव्ही आहे, मोबाइल आहे, त्यात बघा की शेवट. आमची मुलगी मुक्ता हेच म्हणायची. पण टीव्हीवर ती हातभर होते आणि मोबाइलवर बोटभर. जिचा नुसता डोळा आपल्या न्हाणीघराच्या दारापेक्षा मोठा बघितलाय, तिला खिशातून काढून बघायचं? मला ते जमलं नाही.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात ते कुणी घेतही नाही. माझी बायको सुनंदा तिला 'तुमची ती' म्हणते. ("तुमच्या तिचा नवा लागलाय म्हणे माणगावला. दाढ दुखायला लागली असेलच!") मुक्तानेही लहानपणापासून तेच ऐकलेलं. एकदा शाळेत बाईंनी विचारलं, बाबा बाजाराला गेले की काय काय करतात? आमची पोर भर वर्गात सांगून आली, "बाबा त्यांच्या तिच्याकडे जातात." त्यानंतर बरेच दिवस शाळेतल्या बाई सुनंदाशी फार मायेने वागत होत्या.

सिनेमांची नावंही माझ्या लक्षात राहत नाहीत. आमच्याकडे ते तिच्या कामावरून ओळखले जातात. वकिलिणीचा, सवतींचा, नर्सचा, विहिरीचा. मी काही जाणकार नाही, पण मला मतं आहेत आणि ती न विचारता मिळतात. वकिलिणीचा मला पटला नाही. ती बोलायला उभी राहिली की न्यायाधीशाने दुसऱ्या वाक्याला निकाल द्यायला हवा होता. तो मध्यंतरानंतरही शंका काढत होता, म्हणजे त्याला कामाची समजच नव्हती. सवतींच्या सिनेमात ती नाचते. तिला नाचता येत नाही. हे मी म्हटलं तर चालतं, दुसऱ्या कुणी म्हटलेलं मी खपवून घेत नाही.

नर्सच्या सिनेमात तिला जेमतेम दोन प्रसंग. त्यातल्या एकात ती तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवते आणि निघून जाते. बस्स, संपलं काम. पण पट्टी ठेवायच्या आधी ती पिळते आणि क्षणभर स्वतःच्या मनगटावर टेकवून बघते, फार गार तर नाही ना म्हणून. हे तिला कुणी शिकवलं असेल? त्या दिवशी परतताना मी गाडीत शेवटसुद्धा केला नाही. खिडकीशी बसून आपल्याच मनगटाकडे बघत राहिलो. माणूस इतकं नीट कसं काय बघू शकतो दुसऱ्या माणसाकडे, एवढाच विचार डोक्यात होता.

पण सगळ्यात थोर तो विहिरीचा. त्यात पहिल्याच प्रसंगाला ती ओटीवर बसून सुपारी कातरते. सिनेमातली माणसं अडकित्ता कशी धरतात ते आम्हा सुपारीवाल्यांना बघवत नाही. कुणी पकडीसारखा धरतो, कुणी कात्रीसारखा. ही बाई दिराशी बोलत होती. डोळे त्याच्यावर रोखलेले, आवाज एकदम शांत, आणि खाली हात आपले चाललेले. कट्, कट्, कट्. कागदासारखे काप पडत होते. माझी आई अशी कातरायची. मी खुर्चीचे दांडे धरून बसलो. राहवेना म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाला म्हटलं, "बघितलंत? बघत नाहीये ती."

तो म्हणाला, "बघत्येय की, दिराकडं."

असल्या लोकांसाठी ती जीव ओतते.

त्या सिनेमाची गोष्ट अशी. नवरा गेल्यावर दीर घर बळकावतो. घरात नणंदेची एक पोरकी मुलगी असते, ती सारखी हिच्या पदराला धरून. मध्यंतरानंतर एका तिन्हीसांजेला दीर विहिरीत मेलेला सापडतो, काठावर ही उभी, पोलीस येतात, खटला उभा राहतो आणि माझी गाडी सुटायची वेळ होते. माझं मत ठाम होतं. तिने ढकललेलं नाही. जी बाई अशी सुपारी कातरते, तिच्या हातून असलं काम होणार नाही. ढकलणं हे घाईचं काम आहे.

हे माझं मत माझ्यापाशी राहिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

मुक्ता पनवेलला एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. तिच्यासाठी माणगावचं स्थळ आलं. पाण्याच्या पंपांचं नि पाइपांचं दुकान, मुलगा समीर, एकुलता एक. मंडळी रविवारी यायची ठरली. मुक्ता आदल्या दिवशी आली आणि पाठीवरची पिशवी खाली ठेवायच्या आत मला ओटीवर बसवून म्हणाली, "बाबा, उद्या फक्त भेट. मी त्याच्याशी बोलणार, मग विचार करणार, मग सांगणार. मी हो म्हटल्याशिवाय सुपारी फुटता कामा नये. शब्द द्या."

मी शब्द दिला. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. देवापुढे ताटात ठेवलेली सुपारी दोन्हीकडच्या मोठ्यांसमोर फोडायची, साखर वाटायची, की मग मागे फिरणं नाही. फिरलं तर मुलीच्या नावाला जन्मभराची शेपटी लागते, 'सुपारी फुटून मोडलेली'. माझी आतेबहीण चहा आणायला आत गेली होती आणि कपबशा घेऊन बाहेर येईपर्यंत तिचं ठरलेलं होतं. ती गोष्ट मुक्ताने लहानपणी तिच्याच तोंडून ऐकली होती. आतेबहीण ती गोष्ट हसत सांगायची, पण मुक्ता कधी हसली नव्हती.

रविवारी मंडळी आली. समीर, त्याचे वडील नाना आणि आई. आमच्याकडून जाणता माणूस म्हणून शेजारच्या वाडीतले बापू. बापूंची आणि आमची वाडी एकाच पाटाच्या पाण्यावर आहे आणि आपली सुपारी जास्त पांढरी की शेजारच्याची, या प्रश्नावर आमची मैत्री टिकून आहे. त्यांनीच हट्टाने ताट मांडायला लावलं. हळदकुंकू, नारळ आणि मधोमध आमच्या वाडीतली निवडक, टपोरी रोठा सुपारी.

"आज फोडायची नाहीये," मी बजावलं.

"फोडायची न्हायच रं," बापू म्हणाले. "पन ताट नसलं तर पावण्यांना वाटंल, यांना पोरगी द्यायचीच न्हाय."

ताट माझ्या डाव्या हाताला चौरंगावर ठेवलं. माझा अडकित्ता सदऱ्याच्या खिशात होता. तो तिथे नेहमीच असतो.

चहापोहे झाले. मुक्ता आणि समीर वाडी बघायला म्हणून विहिरीकडे गेले. सुनंदा समीरच्या आईला घेऊन स्वयंपाकघरात गेली. ओटीवर आम्ही तिघे पुरुष उरलो आणि बोलणं संपलं. नाना मितभाषी. त्यांनी वाशांकडे बघितलं, मी त्यांच्या चपलांकडे बघितलं. बापू खाकरले. शेवटी नाना म्हणाले, "माणगावला येनं व्हतं का कंदी?"

"होतं की. कामं असतात. मग जमलं तर सिनेमा."

नानांची मान वर आली. "शिनेमा? कुनाचा?"

मी तिचं नाव घेतलं. बऱ्याच वर्षांनी घेतलं, त्यामुळे जरा हळूच घेतलं. नानांचा चेहरा असा उजळला की बापूंनी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

"सोडलेला न्हाय एक बी," नाना म्हणाले. "फकस्त सुरवात न्हाय बघितली कंदी. दुपारी दुकानात मी एकटा. पोरगा आला की मग निगायचो. जाईस्तवर मध्यंतर झालेला आसायचा. दारावरचा वळखीचा हाय, सोडतो मधी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच थिएटरात, एकाच बाईसाठी येत होतो. मी सुरुवात बघून जायचो, ते येऊन शेवट बघायचे.

"एक येडा मानूस उलटा चालत जायचा," नाना आठवून म्हणाले. "दर टायमाला पाय द्यायचा माज्या पायावर."

मी पाय मांडीखाली घेतले. नानांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमी व्हय ते?"

मग काय विचारता! ओटीवरचं सगळं अवघडलेपण एका क्षणात गेलं. नर्सच्या मनगटाची गोष्ट मी सांगितली, ती त्यांना ठाऊकच नव्हती, कारण ते काम मध्यंतराच्या आधीचं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला सवतींच्या सिनेमाचा शेवट सांगायला घेतला, मी कानांवर हात ठेवले, कारण माझ्या शेवटात दोघी एकत्र राहत होत्या आणि मला त्यात बदल नको होता. बापू बिचारे दोघांकडे आळीपाळीने बघत होते. आणि मग मी विहिरीच्या सिनेमाचं नाव काढलं.

"त्यात मातुर तिनं दिराला मारला, ते बरं केलं," नाना म्हणाले.

"तिने नाही मारला."

"तिनंच ढकलला."

"नाही हो. शक्यच नाही."

"भाऊ, शेवट मी बघितलाय. कोर्टात सोता बोल्ली ती, मीच ढकलला म्हनून."

"ती काहीही बोलली असेल. तुम्ही सुरुवात पाहिलेली नाहीत, नाना. ती सुपारी कशी कातरते ते पाहिलेलं नाहीत. ते पाहिलं असतंत तर हे शब्द तुमच्या तोंडून निघाले नसते."

"सुपारीचा नि खुनाचा काय समंद?"

आता आमच्या धंद्यात एक सवय असते. व्यापारी ओटीवर बसून शंका काढायला लागला की आम्ही वाद घालत नाही. समोरची सुपारी उचलतो, कातरतो आणि आतला पांढरा गर त्याच्यापुढे धरतो. बोलायचं काम सुपारी करते. शिवाय मला नानांना नुसतं सांगायचं नव्हतं. तिची बसण्याची ढब, तिचे ते न हलणारे डोळे, सगळं दाखवायचं होतं. मी मांडी बदलून तिच्यासारखा बसलो. पाठ ताठ केली. अडकित्ता काढला.

"असं बघते ती दिराकडे," मी म्हणालो आणि नजर नानांवर रोखली. "डोळे इथे. आणि हात आपले खाली."

हात आपला डावीकडे गेला. हाताला सुपारी लागली.

कट्.

अगदी तिच्यासारखी झाली. एका दाबात दोन सारख्या फाका. मला स्वतःचा अभिमान वाटला. नाना मात्र माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते. बापूही तिकडेच बघत होते. मग मीही बघितलं. सुपारीला हळदकुंकू लागलेलं होतं.

"फुटली," बापू म्हणाले. मग उठून आत तोंड करून मोठ्याने म्हणाले, "वैनी, साकर आना, फुटली!"

"थांबा, थांबा," मी म्हणालो. "चुकून..."

तोवर समीरची आई बाहेर आली आणि तिने सुनंदाला मिठी मारली. सुनंदाच्या हातात साखरेची वाटी आणि डोळ्यांत माझ्यासाठी जे होतं ते लिहिण्यासारखं नाही. बापूंनी माझ्या तळहातावरच्या फाकांचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. त्यांच्या खिशातला मोबाइल टुणटुणायला लागला. अभिनंदन, शुभेच्छा, हात जोडलेले, फुलं. नाना उठून माझ्यापुढे आले आणि भारावलेल्या आवाजात म्हणाले, "भाऊ, इचारलं बी न्हाय कायी, आन् सुपारी फोडलीत. येवडा इस्वास!"

तेवढ्यात मुक्ता आणि समीर वाडीतून आले. दोघेही कशावर तरी हसत होते. पायरीपाशी मुक्ता थांबली. तिने साखरेची वाटी बघितली, आईचा चेहरा बघितला, मग चौरंगावरचं ताट. ताटात नारळ होता, हळदकुंकू होतं आणि मधे एक रिकामी जागा होती.

"बाबा," ती म्हणाली, "कुणी फोडली?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने अगदी हळू विचारलं आणि चेहरा असा झाला, आतेबहिणीची गोष्ट ऐकताना व्हायचा तसा. एका शब्दावर विश्वास ठेवून पोर वाडीत गेली होती. 'चुकून फुटली' म्हटलं तर नानांचा अपमान आणि तरीही फुटलेली ती फुटलेलीच. काहीतरी असं हवं होतं की सुपारीच मोजली जाऊ नये.

"किडकी आहे," मी म्हणालो.

"काय?" बापू म्हणाले.

"किडकी निघाली. आत काळी आहे. किडकी सुपारी धरत नाहीत. ही फुटली ती फुटलीच नाही असं समजायचं."

असा काही नियम आहे की नाही, मला आजही माहीत नाही. पण हे वाक्य मी, पोफळीच्या वाडीचा मालक, स्वतःच्या ओटीवर, स्वतःच्या सुपारीबद्दल, बापूंच्या देखत बोललो होतो. इतकी वर्षं बापू ज्या वाक्याची वाट बघत होते ते त्यांना असं आयतं मिळालं. त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

"भाऊ सोता बोलतायत म्हंजे किडकीच," ते म्हणाले. "बगू."

त्यांनी हात पुढे केला. नानांनीही मान पुढे केली. माझ्या मुठीत दोन फाका होत्या, आतून नारळाच्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या. मग मला एकच मार्ग दिसला. मी दोन्ही फाका तोंडात टाकल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी सुपारी पिकवतो, खात नाही. मला सोसत नाही. आणि अख्खी रोठा सुपारी एकदम कुणीच खात नाही. मी चावायला लागलो. ओटीवर सगळे उभे, फक्त माझ्या दाढांचा आवाज येत होता. (त्यातली एक त्या दिवशी कायमची गेली. माणगावच्या खेपेला पहिल्यांदाच खरं कारण मिळालं.) दोन-तीन घोट रस आत गेला आणि कान गरम झाले. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. घाम फुटला. समोर एका नानांचे दोन नाना झाले आणि दोघेही काळजीत दिसत होते.

"सुपारी लागली यांना!" सुनंदा ओरडली.

समीर धावला. माझ्या गळ्याची बटणं सोडली, पाठीमागे हात घालून मला खांबाला टेकवलं, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि सुनंदाच्या हातातली वाटी घेऊन लग्न ठरल्याची सगळी साखर माझ्या तोंडात कोंबली. मी त्याही अवस्थेत पुटपुटत होतो. नंतर कळलं की मी म्हणत होतो, "तिने नाही ढकललं."

समीर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "नाही ढकललं, काका. तुम्ही पाणी प्या."

अर्ध्या तासाने दोन नानांचा पुन्हा एकच नाना झाला. मंडळी निघाली. मुक्ताने सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं, "मला वेळ हवाय. मी कळवीन." नाना चपला घालताना माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "पांढरीधोट व्हती. कुकू लागल्याली, तवाच बघितली मी." मग जरा थांबून मोठ्याने म्हणाले, "न्हाय, किडकीच व्हती. पोरीला सावकाशीनं इचार करू दे."

मी त्यांचा हात धरला. पायरी उतरल्यावर ते वळले आणि म्हणाले, "पन ढकलला तिनंच."

गाडी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत बापूंनी गावच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली. ती अजून माझ्या मोबाइलात आहे. 'लग्न ठरले नाही. भाऊंची सुपारी किडकी निघाली.' त्या मोसमात जो व्यापारी आला त्याने आधी चार-चार सुपाऱ्या कातरून बघितल्या.

संध्याकाळी मी पाटाच्या काठावर बसलो होतो. मुक्ता येऊन शेजारी बसली. मी म्हटलं, "शब्द मोडला मी तुझा."

"मोडलात," ती म्हणाली. "आणि मग गिळलात." थोडा वेळ ती पाण्यात पाय हलवत बसली. "बाबा, विहिरीच्या सिनेमाचा शेवट सांगू? मी कधीचाच बघितलाय. तुमचे शेवट तुम्हाला आवडतात म्हणून बोलले नाही कधी."

मी आयुष्यात पहिल्यांदा हो म्हटलं.

"ढकललेलं त्या लहान मुलीने असतं. तो तिला मारायला धावतो आणि ती घाबरून लोटते. हे उघड कुठेच दाखवत नाहीत, मध्यंतराआधीची एक खूण लक्षात असली तरच शेवटी कळतं. तुमची ती कोर्टात उभी राहते आणि सांगते, मी ढकललं. पोरीचं नाव येऊ नये म्हणून." मुक्ता माझ्याकडे बघून हसली. "म्हणजे तुम्हीही बरोबर आणि नानाही. समीरलाही माहितेय. त्यानेही त्यांना कधी सांगितलं नाही. आम्ही विहिरीपाशी त्यावरच हसत होतो."

ती अशीच करणार, हे मला ठाऊक असायला हवं होतं. सुपारी कातरतानाच तिच्या हातांत ते होतं आणि मला दिसलं नव्हतं.

"म्हणजे मी आज तिच्यासारखंच केलं," मी शेवटी म्हणालो.

"हो," मुक्ता म्हणाली. "फक्त तिने पुरावा खाल्ला नाही."

पुढे मुक्ता स्वतः दोन-चारदा माणगावला जाऊन आली, त्यांच्या दुकानात बसली, समीरशी भांडूनही बघितलं म्हणे, आणि मग हो म्हणाली. का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ज्या माणसाला शेवट माहीत असून वडिलांसमोर गप्प बसता येतं, त्याच्याशी जमेल माझं." सुपारी या वेळी तिने स्वतः फोडली. दोन्ही डोळ्यांनी नीट बघून. माझा अडकित्ता सकाळपासून सुनंदाच्या कमरेला होता.

लग्नानंतर काही महिन्यांनी माणगावला त्या नटीचा नवा सिनेमा लागला. नानांचा फोन आला. "भाऊ, मुक्कामालाच या वैनींना घिऊन. दुकान बंद ठिवतो. आपुन दोगं पैल्यापासनं शेवटपातुर बगू." सुनंदा मुक्ताकडे, नानांच्या घरी थांबली आणि आम्ही दोन व्याही थिएटरात गेलो. दारावरच्या माणसाने आम्हाला एकत्र, वेळेवर आलेलं बघून डोळे चोळले.

यात ती म्हातारी झाली होती. खरीच. केस पांढरे, गळ्यावर सुरकुत्या, आणि काही लपवलेलं नाही. एका आडगावच्या थांब्यावर ती रोज येऊन बसते, गेलेल्या मुलाची वाट बघत. गाडी येते, माणसं उतरतात, ती एकेकाचा चेहरा बघते आणि पिशवी उचलून घरी जाते. एवढंच. पण दर वेळी पिशवी उचलण्याआधी ती बाकावरची आपल्या शेजारची जागा पदराने पुसते. उद्यासाठी. नाना हुंदके देत होते. पहिल्यांदाच सुरुवात बघत होते ना, त्यांना सवय नव्हती. मीही रडत होतो. एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढीशी गोष्ट कशी मावते, कोण जाणे. मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो, बघत राहिलो.

मोबाइल वाजला तेव्हा गाडी म्हसळ्याला पोचली होती.

"बाबा, कुठे आहात?" मुक्ता विचारत होती.

मी आजूबाजूला बघितलं. खिडकी होती. हातात तिकीट होतं. पुढे कंडक्टर होता. "गाडीत," मी म्हणालो.

"कुठल्या गाडीत? तुम्ही आज इथे राहणार आहात ना?"

मग नानांनी फोन घेतला. "भाऊ, बरं हाय ना? वळून बघतो तर तुमी न्हाय. म्हटलं, पुन्ना सुपारी लागली का काय. समदं थेटर शोदलं, मग भायेर शोदलं."

"मी सवयीने... नाना, शेवट काय झाला?"

"कसला शेवट? तुमाला शोदत व्हतो मी. आत गेलो तवा दिवं लागल्यालं."

म्हणजे आयुष्यभर शेवट पाहिलेल्या माणसाचाही शेवट मी घालवला. मग म्हसळ्यापासून घरापर्यंत मलाच तो करावा लागला. माझ्या शेवटात एके दिवशी गाडी येते, मुलगा उतरतो, तिने पुसलेल्या जागेवर बसतो आणि मग दोघं मिळून घरी जातात. इतका सुरेख शेवट मी आजवर केला नव्हता. त्याच तंद्रीत गावच्या थांब्यावर उतरलो, अंगण ओलांडलं, पायऱ्या चढलो आणि दाराच्या कुलपासमोर उभा राहिल्यावर मला आठवलं की चावी सुनंदाकडे आहे आणि सुनंदा माणगावला.